वेरूळचे वाटाडे: लेण्यांच्या ओळखीचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवर, चारणाद्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगराच्या पश्चिमेकडील कड्यात, दक्षिणोत्तर सुमारे दोन किलोमीटरच्या पट्ट्यात वेरूळची ३४ लेणी कोरलेली आहेत. क्रमांक १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन ही त्यांची विभागणी आज शाळकरी मुलांनाही पाठ असते, आणि १९८३ साली वेरूळचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून ती जगभरच्या प्रवासी पुस्तकांत त्याच क्रमाने छापली जाते. हे क्रमांक लेणी कोरणाऱ्यांनी दिलेले नाहीत. ते एकोणिसाव्या शतकात, बाहेरून येणाऱ्या पाहुण्याच्या सोयीसाठी रूढ झाले. त्यापूर्वी हजार वर्षे वेरूळला येणाऱ्या माणसाला वेगळे वाटाडे भेटत होते. कधी तो ताम्रपट होता, कधी पंथाची पोथी, कधी क्षेत्रीचा पुरोहित, कधी दरबारी इतिहासकार. आणि त्या वाटाड्याने काय सांगितले, यावर पाहणाऱ्याच्या डोळ्यांना काय दिसेल हे बरेचसे ठरत गेले. लेण्यांच्या इतिहासाइतकाच हा ओळखीचा इतिहास महत्त्वाचा आहे, कारण आजचा पर्यटक जे पाहून परततो त्याची बांधणी त्यातूनच झालेली आहे.

कैलास लेण्याविषयीचे सर्वांत जुने उपलब्ध वर्णन प्रवाशाने लिहिलेले नाही, ते राजाच्या दानपत्रात आले आहे. राष्ट्रकूट घराण्याच्या गुजरात शाखेतील कर्क सुवर्णवर्ष याच्या इ. स. ८१२-१३ च्या बडोदे ताम्रपटात एलापूर, म्हणजे वेरूळ, येथील एका देवालयाचा उल्लेख असून, ते कृष्णराजाने करविले, विमानांतून जाणारे देव ते पाहून चकित झाले आणि हे स्वयंभूच असले पाहिजे असे त्यांना वाटले, इतकेच काय, ज्याने ते घडविले त्या शिल्पकारालाही आपल्या हातून हे कसे झाले याचा अचंबा वाटला, असा त्याचा आशय आहे. ताम्रपट ही राजस्तुती असते, त्यामुळे त्यातील अतिशयोक्ती स्वाभाविक आहे. पण माणसाच्या हातून हे झाले कसे, हा वेरूळविषयी पुढे शतकानुशतके विचारला गेलेला प्रश्न त्यात पहिल्यांदा दिसतो, आणि तोही शिल्पकाराच्या अस्तित्वाची नोंद ठेवून. नंतरच्या अनेक वाटाड्यांनी प्रश्न तेवढा जपला आणि शिल्पकाराला विसरून गेले.

तेराव्या शतकात लेणी कोरण्याचे काम थांबून बराच काळ लोटला होता, तरी स्थान जिवंत होते. शके ११५६, म्हणजे इ. स. १२३४-३५ च्या सुमारास, जैन लेण्यांच्या वरच्या अंगाला पार्श्वनाथाची भव्य मूर्ती कोरविली गेली आणि तिच्या लेखात हा डोंगर चारणाद्री या नावाने, तीर्थ म्हणून नोंदला गेला. त्याच शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी वेरूळच्या लेण्यांत राहून गेले, आणि म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त त्या वास्तव्याच्या लीळा आल्या. या पंथाने पुढे ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथप्रकार घडविला. स्वामी कोठे बसले, कोठे निजले, कोठे भोजन केले, ते स्थळ गावाच्या कोणत्या दिशेला, देवळाच्या कोणत्या दाराशी आहे, याची नेमकी नोंद त्यात असते. मराठीतील स्थळदर्शक वाङ्मयाचा आरंभ शोधायचा तर तो येथे शोधावा लागतो; दिशा, अंतर आणि खूण सांगण्याची ही शिस्त युरोपातील आधुनिक प्रवासी मार्गदर्शिकांहून काही शतके जुनी आहे. ही पोथी हाती घेऊन आलेल्या महानुभाव यात्रेकरूच्या दृष्टीने लेण्यातील शिल्प गौण होते आणि ज्या ओट्यावर स्वामी बसले तो ओटा मुख्य होता. त्याच दालनात उभा असलेला दुसरा माणूस छताकडे पाहत असेल, तर हा जमिनीकडे पाहून नमस्कार करीत असे.

घृष्णेश्वराच्या यात्रेकरूला वेगळी माहिती मिळे. बारा ज्योतिर्लिंगांतील हे स्थान लेण्यांपासून अगदी जवळ असून, सोळाव्या शतकात वेरूळच्या भोसले घराण्यातील मालोजीराजांनी आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याच्या जीर्णोद्धाराची व्यवस्था केली. येथे येणारा माणूस क्षेत्रमाहात्म्य ऐकून, म्हणजे तीर्थाची उत्पत्ती, स्नानाचे पुण्य आणि दर्शनाचा क्रम सांगणारी कथा ऐकून लेण्यांकडे वळे, आणि लेणी त्याच्या लेखी त्या तीर्थाचाच विस्तार असत. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’तील कथा या परंपरेतील आहे. एक राजा आजारी पडतो, राणी माणिकावती त्याच्या बरे होण्यासाठी शिवाला मंदिराचा नवस बोलते आणि शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही असे व्रत धरते; इतक्या लवकर शिखर दाखविणे कोणाही कारागिराला शक्य वाटत नाही, तेव्हा पैठणचा कोकस पुढे येऊन मंदिर वरून खाली कोरायला घेतो आणि आठवड्याभरात शिखर दाखवितो. मंदिराला माणिकेश्वर हे नाव त्यावरून पडले, असे कथा सांगते. दंतकथा म्हणून ही बाजूला सारता येत नाही. कैलास खरोखरच डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेला आहे, त्यासाठी पायाड बांधावे लागलेले नाही, आणि ही कामाची रीत एका व्रताच्या निमित्ताने लोकस्मृतीने अचूक जपली. अनेक छापील पुस्तिकांपेक्षा या कथेत बांधकामाचे ज्ञान अधिक आहे.

फारसी लेखकांची नजर निराळी होती. इतिहासकार फरिश्त्याच्या वृत्तान्तानुसार चौदाव्या शतकाच्या आरंभी अलाउद्दीन खलजीच्या सैन्यातील काही शिपाई मोहिमेवर असताना सेनापतीची परवानगी काढून वेरूळची लेणी पाहायला गेले होते आणि त्याच वेळी गुजरातची राजकन्या देवलदेवी हिच्या रक्षकांशी त्यांची गाठ पडली. लढाईच्या धामधुमीत शिपाई लेणी पाहण्याची रजा मागतात, यावरून त्यांची ख्याती किती दूर पसरली होती हे समजते. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत विजापूरच्या दरबारातील इतिहासकार रफीउद्दीन शिराझी याने वेरूळचे वर्णन करताना इराणमधील प्राचीन शाही स्मारकांची परंपरा मनात ठेवली होती, त्यामुळे त्याला येथे राजवाडा, दरबार आणि राजवैभव दिसले. देवालय ही कल्पना त्याच्या वाचनात मागे पडली. औरंगजेबाच्या कारकिर्दीचा वृत्तान्त सांगणाऱ्या ‘मआसिर-इ-आलमगीरी’तही वेरूळ हे डोळ्यांना सुख देणारे, प्रत्यक्ष पाहिल्याविना वर्णनाने न कळणारे ठिकाण म्हणून येते. डोंगर एकच, परंतु इराणमधील बिहिस्तूनचे शिल्प ठाऊक असलेल्याला त्यात सम्राट सापडतो आणि माहात्म्य ऐकलेल्याला महादेव.

१६६७ साली आलेला फ्रेंच प्रवासी झ्याँ द तेव्हनो याच्याजवळ यांपैकी कोणतीच पोथी नव्हती. त्याने वेरूळला घालवलेला वेळ थोडा होता आणि त्याची माहिती स्थानिकांच्या सांगण्यावर आधारलेली होती. ही सारी देवळे राक्षसी देहाच्या माणसांनी केली, असे त्याला सांगण्यात आले आणि एवढे स्तंभ व हजारो आकृती अखंड खडकात कोरणे मानवी बळापलीकडचे आहे, असे त्यानेही लिहिले. त्याचे प्रवासवर्णन छापले गेल्यावर युरोपच्या वाचकाला वेरूळची जी पहिली ओळख झाली ती अशी होती: कर्ता नसलेले, काळ नसलेले आश्चर्य.

पुण्याच्या पेशवे दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स वेअर मॅलेट १७९४ मध्ये वेरूळला गेला, तेव्हा परिस्थिती पालटू लागली होती. त्याने लेण्यांचे मोजमाप घेतले, प्रत्येक लेण्याचे प्रचलित नाव टिपले आणि उत्पत्तीविषयी दोन परस्परभिन्न वृत्तान्त जमा केले. मुसलमान माहितगाराच्या मते ईल राजाने ही लेणी सुमारे ९०० वर्षांपूर्वी करविली. ब्राह्मण माहितगाराने माहात्म्याच्या आधारे एलिचपूरच्या येलू राजाचे नाव सांगून ७८९४ वर्षांचा काळ दिला आणि शिवालय तीर्थाच्या पाण्याने राजाची व्याधी बरी झाल्याची कथाही जोडली. मॅलेटचा लेख १७९९ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले गेले. आजच्या कालगणनेप्रमाणे कैलास आठव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे, म्हणजे पहिला आकडा आश्चर्य वाटावे इतका जवळचा होता. परंतु त्या काळच्या युरोपला भारताच्या अतिप्राचीनतेचे आणि इजिप्तशी तुलना करण्याचे आकर्षण होते, आणि आठ हजार वर्षांचा आकडा वाचकाच्या मनात अधिक घर करून राहिला. माहिती गोळा करणारा निःपक्षपाती असला तरी वाचणारा आपल्या आवडीचेच उचलतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या उपक्रमात एका मराठी चित्रकाराचा मोठा वाटा होता. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात शनिवारवाड्यात मॅलेटच्या सूचनेने चित्रशाळा सुरू झाली होती, तीत स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स शिकवीत असे आणि गंगाराम चिंतामण तांबट हा तेथील सर्वांत गुणी चित्रकार होता. वेरूळच्या लेण्यांची गंगारामने केलेली रेखाटने मॅलेटच्या अभ्यासाचा आधार ठरली. वेल्स १७९५ मध्ये वारला, आणि त्याच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने १८०३ साली वेरूळच्या २४ दृश्यांचा भव्य संच लंडनमध्ये काढला. वेरूळला कधीही येऊ न शकलेल्या माणसांनी वेरूळ पाहिले ते या संचातून. त्याच्या शीर्षकपानावर वेल्स आणि डॅनियल यांची नावे झळकली. गंगारामची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत आणि त्याचे नाव महाराष्ट्रातही मोजक्या अभ्यासकांनाच ठाऊक आहे. वेरूळच्या प्रत्येक माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख असायला हवा.

मॅलेटने टिपलेली लेण्यांची नावे हा स्वतंत्र विषय आहे, कारण नाव ही सर्वांत छोटी आणि सर्वांत टिकाऊ माहिती असते. दहाव्या लेण्यातील चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनामंदिरात, स्तूपाच्या पुढे बसलेल्या बुद्धमूर्तीला सुतार मंडळी विश्वकर्मा मानून पूजीत आणि लेण्याला ‘सुतार का झोपडा’ म्हणत. छताच्या दगडात लाकडी फासळ्यांची हुबेहूब नक्कल आहे, हे लक्षात घेतले तर सुतारांनी त्यावर आपला हक्क सांगावा यात नवल नाही. बुद्धाच्या हातांची धर्मचक्रमुद्रा, म्हणजे प्रवचन देतानाची बोटांची ठेवण, त्यांना काम करताना दुखावलेले बोट धरल्यासारखी दिसे. बत्तिसाव्या लेण्यात हत्तीवर बसलेला यक्ष आणि सिंहवाहिनी अंबिका या जैन परिवारदेवता आहेत. पाहणाऱ्यांनी हत्ती पाहून त्या यक्षाला इंद्र आणि अंबिकेला इंद्राणी मानले व लेणे ‘इंद्रसभा’ झाले. अकराव्या लेण्याचे दोनच मजले दिसत म्हणून ते ‘दो थाल’, तर शेजारचे बारावे ‘तीन थाल’. १८७६ साली माती उपसल्यावर अकराव्याचाही गाडलेला तळमजला निघाला, पण नाव कायम राहिले. कैलासाला ‘रंगमहाल’ असेही म्हणत, कारण त्याच्या भिंतींवरील गिलावा आणि रंग तेव्हा आजच्यापेक्षा अधिक शिल्लक होते, आणि या नावामुळे एक हरवलेली वस्तुस्थिती कळते: हे मंदिर एकेकाळी रंगविलेले होते.

दक्षिणेकडील बौद्ध लेण्यांच्या वाट्याला आलेल्या नावांची कथा अधिक गंभीर आहे. पाचवे लेणे, जे लांब दालनात समोरासमोर दोन सलग कमी उंचीचे दगडी बाक असलेले भिक्षूंचे विशाल सभागृह आहे, ‘महारवाडा’ या नावाने ओळखले जाई, आणि तो सारा दक्षिण समूहच जातिवाचक नावाने पुस्तकांत नोंदला गेला. गावाच्या वस्तीची उतरंड अशी डोंगरावर लिहिली गेली होती. १९५० च्या दशकारंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, १९५६ मध्ये धम्मदीक्षा झाली, आणि त्यानंतर ज्यांच्या पूर्वजांच्या वस्तीचे नाव तुच्छतेने या लेण्यांना दिले गेले होते, तेच लोक वंदनेसाठी तेथे येऊ लागले. वेरूळच्या ओळखीच्या इतिहासात याहून मोठी उलथापालथ झालेली नाही, आणि ती कोणत्याही पुरातत्त्व खात्याने घडविलेली नाही.

विद्वानांचे वर्गीकरण मात्र एकोणिसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने आकाराला आले. कॅप्टन जॉन सीली १८१० मध्ये येथे आला आणि १८२४ साली त्याने काढलेले ‘वंडर्स ऑफ एलोरा’ लोकप्रिय झाले. त्याच्या शीर्षकपानावरच हा डोंगर ग्रॅनाइटचा असल्याचे म्हटले आहे. वास्तविक तो दख्खनच्या लाव्हारसाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे, आणि ही चूक क्षुल्लक नाही, कारण थर, चिरा आणि छिन्नीला मिळणारा प्रतिसाद या सर्व बाबतींत हे दोन खडक भिन्न आहेत आणि कोरणाऱ्यांनी कोठे काय कोरले हे त्यावरच अवलंबून होते. मुंबईच्या लिटररी सोसायटीत विल्यम अर्स्किन आणि विल्यम साइक्स यांनी बौद्ध, ब्राह्मणी व जैन लेणी वेगळी ओळखण्याची कसोटी मांडली, जेम्स फर्ग्युसनने १८४० च्या दशकात स्थापत्यशैलीच्या आधारे कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला, आणि या साऱ्याचे फलित म्हणून जेम्स बर्जेसने १८७७ साली मुंबईहून वेरूळच्या पाहुण्यांसाठी एक पुस्तिका प्रसिद्ध केली.

बर्जेसच्या पुस्तिकेने आणि त्याच्या १८८३ च्या सविस्तर अहवालाने दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजलेले क्रमांक रूढ केले. त्याचा लाभ निर्विवाद आहे: मोजमापे, मूर्तींची नावे आणि लेण्यांची धर्मनिहाय ओळख प्रथमच एका जागी आली, आणि ‘राक्षसांनी केले’ या उत्तराची गरज संपली. कैलासाचा कर्ता मात्र त्या पुस्तिकेच्या वेळी निश्चित झालेला नव्हता. १८८३ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी बडोदे ताम्रपटातील एलापूरचे देवालय म्हणजेच वेरूळचे कैलास, असे दाखवून कृष्णराज पहिला याचे नाव पुढे आणले.

अडचण क्रमांकांच्या वाचनात आहे. ते चालण्याचे क्रमांक होते, पण पाहणाऱ्याने ते वयाचे क्रमांक म्हणून वाचले, आणि वेरूळला आधी बौद्ध आले, त्यांना हटवून हिंदू आले, शेवटी जैन आले, अशी पायऱ्यांची गोष्ट त्यातून तयार झाली. विसाव्या शतकात वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या अभ्यासकांनी सहाव्या शतकातील कलचुरी राजवटीशी संबंध जोडून दाखविले की एकविसावे रामेश्वर आणि एकोणतिसावे धुमार लेणे ही शैव लेणी वेरूळच्या आरंभीच्या कामांत येतात आणि बौद्ध लेण्यांचे मोठे काम त्यानंतरचे आहे. एकविसाव्या लेण्याच्या परिसरात कलचुरी कृष्णराजाची नाणी सापडल्याने या मताला बळ मिळाले. पुढे आठव्या-नवव्या शतकांत निरनिराळ्या पंथांची कामे एकमेकांच्या आगेमागे चालू राहिली. एका डोंगरावर पिढ्यान्पिढ्या शेजारी राहून छिन्नी चालविणाऱ्या कारागिरांचा हा इतिहास आहे, आणि १, २, ३ या आकड्यांनी तो आक्रमणांच्या रांगेसारखा भासतो. शिवाय ३४ या संख्येत डोंगरावरील गणेश लेणी आणि जोगेश्वरी हे लहान लेण्यांचे समूह बसत नाहीत, त्यामुळे ते पाहुण्याच्या खिजगणतीतही नसतात.

निजामाच्या राज्यात १९०० साली मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने औरंगाबाद जोडले गेले, १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली उभे राहिले, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२९ साली वेरूळवर पुस्तिका काढली. स्वतः चित्रकार असलेल्या भारतीय माणसाने लिहिलेली ही मार्गदर्शिका मूर्तींच्या भावाकडे आस्थेने पाहते. संस्थान विलीन झाल्यावर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. नव्वदच्या दशकापासून जपानच्या कर्जसाहाय्याने अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प राबविला गेला, ज्यात रस्ते, विमानतळ आणि अभ्यागत केंद्रे यांचा समावेश होता. आणि २०१९ च्या २० रुपयांच्या नोटेवर वेरूळ आल्याने कधी तेथे न गेलेल्या माणसाच्या खिशातही त्याची एक प्रतिमा पोचली.

आज जपान किंवा थायलंडहून येणारा उपासक, श्रावणात घृष्णेश्वराला आलेले कुटुंब, चातुर्मासानंतर निघालेला जैन संघ आणि युरोपीय पर्यटक एकाच तिकीट खिडकीतून आत जातात, पण एकाच फलकावरून त्यांना लागणारी माहिती मिळणे कठीण असते, आणि वेळ अपुरा असलेले बहुतेक जण कैलास पाहून परततात. या पोकळीत समाजमाध्यमांवरील चित्रफिती शिरल्या असून, कैलास परग्रहवासीयांनी कोरला असे सांगणाऱ्या चित्रफितींचा प्रेक्षकवर्ग मोठा आहे. तेव्हनोला सांगितलेल्या राक्षसांचेच हे नवे रूप आहे, आणि त्यात कारागिरांचा अपमान आहे. डोंगरावरच त्याचे उत्तर आहे: तिसावे ‘छोटा कैलास’ लेणे अपुरे राहिले असल्याने, अखंड खडकातून मंदिर कसे मोकळे केले जाते, हे तेथे पाहता येते. वारसास्थळांच्या ‘अर्थबोधना’विषयी, म्हणजे पाहणाऱ्यास स्थळाचा अर्थ उलगडून दाखविण्याच्या कामाविषयी, इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये जी सनद स्वीकारली तीत पुराव्यावर आधारलेली माहिती आणि स्थळाशी नाते असलेल्या सर्व समाजांचा सहभाग या दोन्ही गोष्टी तत्त्व म्हणून सांगितल्या आहेत. वेरूळला दोन्हींची गरज आहे.

म्हणून पुरातत्त्व सर्वेक्षणाने प्रत्येक लेण्याच्या फलकावर क्रमांकाशेजारी काळ लिहावा, लोकनाव द्यावे आणि ते कसे पडले हेही सांगावे. ‘महारवाडा’ हे नाव लपवू नये, त्याचा इतिहास सांगावा. चक्रधरस्वामींचे वास्तव्य, कोकसाची कथा आणि गंगाराम तांबटाची रेखाटने यांना जागा द्यावी. आणि वेरूळला जाणाऱ्या वाचकाने एकदा तरी क्रमांक बाजूला ठेवून आधी एकविसाव्या लेण्यात जावे, मग येळगंगेच्या धबधब्याजवळचे एकोणतिसावे पाहावे, तेथून दक्षिणेला बौद्ध लेण्यांकडे यावे आणि कैलास शेवटी पाहावा.